भरपाईचे कलम : राज्यघटनेतील कलम २२ चा प्रकरण अभ्यास

१५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. मसुद्यातला त्याचा क्रमांक १५-अ. आजच्या घटनेत ते कलम २२ आहे. मांडताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही. मसुद्यातल्या दुसऱ्या कुठल्याही कलमावर बाहेर एवढी टीका झाली नाही जेवढी कलम १५ वर झाली, आणि ते मंजूर करताना जे झाले त्याची आपण आता भरपाई करीत आहोत, असे ते म्हणाले. मंजूर झालेल्या कलमाबद्दल मसुदा समितीच्या अध्यक्षाने इतके स्पष्ट बोलावे, हे घटना समितीच्या कामकाजात वारंवार आढळत नाही.

व्यक्तिस्वातंत्र्य हे तत्त्व उद्देशिकेपासून शिकवायला सुरुवात करतात. शिकणाऱ्याला शब्द पाठ होतात. पण पोलीस दारात आले तर त्या शब्दांचे काय होते, ते कळत नाही. कलम २२ उलट्या टोकाचे आहे. त्यात मोठे शब्द जवळजवळ नाहीतच. तास, महिने, कारणे, वकील, मंडळ अशी सगळी कोरडी सामग्री आहे. स्वातंत्र्याची हमी आणि खटल्याविना कैदेची परवानगी ही दोन्ही या एकाच कलमात शेजारी बसली आहेत, म्हणून अभ्यासाला ते घ्यावे.

काय हुकले होते

मूलभूत हक्क उपसमितीने १९४७ च्या वसंतात जो मजकूर तयार केला त्यात अमेरिकी घटनेतले ‘ड्यू प्रोसेस’ होते : योग्य कायदेशीर प्रक्रियेविना कोणाचेही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही. हे शब्द असले की न्यायालय दोन प्रश्न विचारू शकते. कायद्यात सांगितलेली पद्धत पाळली का, हा पहिला. आणि तो कायदाच न्याय्य आहे का, हा दुसरा. भांडण दुसऱ्या प्रश्नाचे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दांच्या आधारे १९०५ साली बेकरी कामगारांचे काम दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांवर आणणारा न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला होता. जमीन सुधारणा आणि भाडे नियंत्रण करू पाहणाऱ्या नव्या देशातल्या नेत्यांना हे उदाहरण धडकी भरवणारे होते. गोविंद वल्लभ पंतांचा विरोध मुख्यतः याच भीतीतून आला.

घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा आणि आयर्लंडला गेले. वॉशिंग्टनमध्ये न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितले की या शब्दांतून न्यायाधीशांना मिळणारा अधिकार लोकशाहीला धरून नाही आणि न्यायालयावर नसते ओझे टाकणारा आहे. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ‘ड्यू प्रोसेस’ गेले आणि जपानच्या १९४६ च्या घटनेच्या कलम ३१ वरून घेतलेली ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. आता न्यायालयाकडे पहिला प्रश्न तेवढा उरला.

६ आणि १३ डिसेंबर १९४८ या दोन दिवशी सभागृहात यावर चर्चा झाली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जुने शब्द परत आणण्याची दुरुस्ती मांडली, कन्हैयालाल मुन्शींनी जोरदार पाठिंबा दिला. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरोधात उभे राहिले. आंबेडकरांचे १३ डिसेंबरचे छोटे भाषण अभ्यासकाने दोनदा वाचावे. एकीकडे पक्षशिस्तीत बांधलेले विधिमंडळ हक्क तुडवू शकते, दुसरीकडे न्यायालयात बसलेले पाच-सहा गृहस्थ आपापल्या पूर्वग्रहांनुसार लोकप्रतिनिधींचा कायदा मोडू शकतात. कोणावर अधिक विश्वास ठेवावा हे ठरवणे मला अवघड वाटते, असे सांगून त्यांनी निर्णय सभागृहावर सोपवला. दुरुस्ती फेटाळली गेली. तेच आजचे कलम २१.

इथे नवशिक्याची पहिली चूक होते. घटना समितीच्या चर्चांमध्ये ‘कलम २१’ शोधले तर भलताच मजकूर हाती येतो, कारण मसुद्याचे क्रमांक वेगळे होते. १५ म्हणजे आजचे २१, १५-अ म्हणजे २२, १३ म्हणजे १९. चर्चांच्या सातव्या खंडात डिसेंबर १९४८ आणि नवव्या खंडात सप्टेंबर १९४९ अशी दोन्ही ठिकाणे समोरासमोर ठेवून वाचावी लागतात.

एका कलमाचे दोन भाग

आंबेडकरांनी केलेली भरपाई अशी : फौजदारी प्रक्रिया संहितेतली दोन तत्त्वे उचलून त्यांनी थेट घटनेत घातली. अटक केलेल्याला अटकेची कारणे लवकरात लवकर सांगायची आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, हे पहिले. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, हे दुसरे. प्रवासाचा आवश्यक वेळ या २४ तासांत धरत नाहीत, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना त्यापुढे एक तासही कोठडी नाही. ही तत्त्वे संहितेत आधीपासूनच होती, मग मिळवले काय, असा आक्षेप आला. त्याचे उत्तर आंबेडकरांनी त्याच भाषणात दिले होते : साधा कायदा संसद किंवा प्रांतिक विधिमंडळ उद्या बदलेल, घटनेतली तरतूद त्यांना तशी काढता येणार नाही. कायदा न्याय्य आहे का, हे विचारण्याचा न्यायालयाचा अधिकार गेला होता. म्हणून न्याय्यतेचे निदान दोन तुकडे तरी त्यांनी हाताने कलमात बसवले.

उपकलम १ आणि २ इथे संपतात. उपकलम ३ म्हणते की ही दोन्ही संरक्षणे शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्याला लागू नाहीत. तिथून उपकलम ७ पर्यंत कलमाचा दुसरा भाग आहे. प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणजे गुन्हा केला म्हणून नव्हे, तर करील अशा समजुतीने माणसाला खटल्याविना डांबणे. ३ महिन्यांहून अधिक काळ डांबायचे असेल तर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेल्या, राहिलेल्या किंवा होण्यास पात्र असलेल्या व्यक्तींच्या सल्लागार मंडळाने पुरेसे कारण आहे असे म्हटले पाहिजे. आदेशाची कारणे लवकरात लवकर कळवायची, आदेशाविरुद्ध निवेदन करण्याची संधी लवकरात लवकर द्यायची. पण सार्वजनिक हिताला बाधक वाटणारी तथ्ये दडवण्याची मुभाही सरकारला आहे.

शांततेच्या काळातही खटल्याविना कैद घटनेनेच मान्य करणे ही गोष्ट अनेक सदस्यांना झोंबली. तुरुंग भोगलेले महावीर त्यागी, ठाकूर दास भार्गव, बक्षी टेकचंद यांची भाषणे तिखट आहेत. इंग्रजी अमलातल्या ज्या अस्त्रावर राष्ट्रीय चळवळीने पन्नास वर्षे टीका केली तेच इथे होते. महाराष्ट्राला त्याचा अनुभव जुना : १८९७ साली रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली कुठलाही खटला न भरता अटकेत ठेवले होते. आता सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत नववी आणि समवर्ती यादीत तिसरी नोंद प्रतिबंधक स्थानबद्धतेची आहे, म्हणजे संसदेबरोबर राज्यांनाही असे कायदे करता येतात. फाळणीचा हिंसाचार आणि तेलंगणातला सशस्त्र लढा ताजा असताना बहुमताला याची गरज पटली, हे समजून घेता येते. तरीही घटनेच्या मूलभूत हक्कांच्या भागात सरकारच्या अशा अधिकाराला जागा देणे हा आमच्या मते त्या सप्टेंबरातला सर्वांत महागडा निर्णय होता.

पहिली कसोटी

घटना लागू होऊन महिना होताच, २६ फेब्रुवारी १९५० रोजी, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. मद्रासमध्ये आधीपासून तुरुंगात असलेल्या कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्यावर १ मार्चला या कायद्याखाली नवा आदेश बजावला गेला. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायाधीशांनी १९ मे १९५० रोजी निकाल दिला. कलम १९, २१ आणि २२ यांची क्षेत्रे वेगवेगळी आहेत. कायदा विधिवत झाला असेल तर त्याने घालून दिलेली पद्धत बरी की वाईट हे न्यायालय पाहणार नाही, असे बहुमताने ठरवले. म्हणजे १३ डिसेंबरला जे हरले होते ते न्यायालयातही हरले. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढे उघड करणे हाच गुन्हा ठरवणारे त्या कायद्याचे कलम १४ मात्र रद्द झाले.

न्या. सय्यद फझल अली यांनी भिन्नमत दिले. नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, निःपक्ष न्यायपीठ आणि रीतसर कामकाज या चार गोष्टींविना कुठल्याही पद्धतीला ‘कार्यपद्धती’ म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. काही प्रकारांत मंडळाकडे न जाताच एक वर्षापर्यंत डांबू देणाऱ्या त्याच कायद्याच्या कलम १२ ला त्यांच्याबरोबर न्या. मेहेरचंद महाजन यांनीही घटनाबाह्य ठरवले.

१९७५ च्या आणीबाणीत राष्ट्रपतींच्या २७ जूनच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ यांच्यासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क निलंबित झाला. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकण्याजोग्या ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी, चार विरुद्ध एक, सर्वांना चूक ठरवले. सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले होते की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर दाद कुठे? आणीबाणी असेपर्यंत नाही, हे उत्तर निकालपत्राइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. भिन्नमत एकट्या खन्नांचे. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल स्पष्टपणे मोडीत काढला, आणि तसे लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

गोपालन निकालाची पकड त्याआधीच सुटली होती. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण निकालाने हक्कांचे वेगवेगळे कप्पे नाकारले. २५ जानेवारी १९७८ रोजी, पासपोर्ट जप्त झालेल्या मनेका गांधींच्या प्रकरणात सात न्यायाधीशांपैकी सहांनी सांगितले की कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे. त्या सहांत मुर्तजा फझल अली होते, १९५० च्या भिन्नमतवाल्यांचे पुत्र. एक बारकावा बहुतेक नोट्समध्ये गाळतात : पासपोर्ट जप्तीचा आदेश न्यायालयाने रद्द केला नाही. सरकार निवेदन ऐकेल आणि जप्ती कायम केली तरी ती निर्णयापासून सहा महिन्यांपलीकडे नेणार नाही, या हमीवर याचिका निकाली निघाली. तत्त्व जिंकले, आदेश टिकला.

मग ‘ड्यू प्रोसेस’ परत आले का? कलम २१ पुरते बरेचसे आले. पण घटनेनेच स्पष्ट नाकारलेली गोष्ट कलम २१ मधून परत मिळत नाही. राष्ट्रीय सुरक्षा कायदा या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याला आव्हान देणाऱ्या ए. के. रॉय प्रकरणात डिसेंबर १९८१ मध्ये ठरले की सल्लागार मंडळापुढे वकिलाचा हक्क नाही, कारण उपकलम ३ ने तो काढून घेतला आहे. सरकार कायदेतज्ज्ञ उभा करणार असेल तरच तो स्थानबद्धालाही द्यावा लागतो. एरवी वकील नसलेल्या मित्राची मदत घेता येते.

महाराष्ट्रात हे यंत्र कसे चालते

बातम्यांत ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’ असे येते तो महाराष्ट्राचा १९८१ चा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्यासाठी तो झाला; पुढे धोकादायक व्यक्ती, वाळू तस्कर, काळाबाजारवाले वगैरेंची भर पडली. कमाल मुदत १२ महिने. आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतात.

समजा आदेश आणि स्थानबद्धता दोन्ही १ जूनची आहेत. कारणे ५ दिवसांत, म्हणजे ६ जूनपर्यंत, हाती पडली पाहिजेत. आदेशाला १२ दिवसांत, १३ जूनपर्यंत, राज्य शासनाची मान्यता लागते. नाही मिळाली तर आदेश आपोआप संपतो. तीन आठवड्यांत, २२ जूनपर्यंत, कागदपत्रे सल्लागार मंडळाकडे जायला हवीत. मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत, २० जुलैपर्यंत. मंडळ म्हणाले पुरेसे कारण नाही, तर सरकारला तात्काळ सोडावेच लागते.

स्थानबद्धतेचे आदेश उच्च न्यायालयात कोसळतात ते बहुधा मोठ्या तत्त्वावर नव्हे, तर याच तपशिलांवर. शेवटचा गुन्हा आणि आदेश यांच्यात काही महिन्यांचे अंतर पडते आणि त्याचा खुलासा नसतो. मग ‘आत्ताच रोखणे गरजेचे’ हा दावाच ढासळतो. निवेदन टेबलावर पडून राहते, किंवा मंडळाचा अहवाल येऊ दे म्हणून थांबवून ठेवतात. शासनाने ते स्वतंत्रपणे आणि लगेच पाहायचे असते. गोपनीय साक्षीदारांचे जबाब अधिकाऱ्याने पडताळलेलेच नसतात. आणि राज्य शासनाची मान्यता येईपर्यंत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही निवेदन करता येते, ही माहिती दिली नाही तरी आदेश टिकत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली याच कायद्यावरच्या प्रकरणात सांगितले.

भाषेचा मुद्दाही महाराष्ट्रातूनच गेला. १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात कारणे इंग्रजीत दिली होती, स्थानबद्धाला इंग्रजी येत नव्हते आणि हिंदी प्रत मागूनही नाकारली होती. अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगणे पुरे नाही. ज्याला निवेदन लिहायचे आहे त्याला समजणाऱ्या भाषेत कागद मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याला सोडले.

सर्वांत जास्त गफलत होते ती ‘कायदा व सुव्यवस्था’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ यांत. राममनोहर लोहियांच्या १९६५ च्या खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे काढून दाखवली : सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन माणसांची मारामारी बाहेरच्या वर्तुळात राहते आणि तिला साधा फौजदारी कायदा पुरतो. वस्तीचे जनजीवन विस्कटले तरच मधले वर्तुळ सुरू होते. चार गुन्ह्यांची यादी जोडून ‘परिसरात दहशत’ एवढे लिहिलेले आदेश इथे अडकतात.

तळटीप आणि एक सुटलेला क्रमांक

घटनेची अधिकृत प्रत घेऊन कलम २२ उघडावे आणि पानाच्या तळाशी पाहावे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीच्या कलम ३ ने ३ महिन्यांची मुदत २ महिन्यांवर आणली, मंडळ संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनेच नेमायचे ठरवले, अध्यक्ष विद्यमान न्यायाधीश हवा असे म्हटले आणि मंडळाविना डांबू देणारी तरतूद काढली. संसदेने मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण कोणते कलम कोणत्या दिवशी लागू करायचे हे सरकारच्या अधिसूचनेवर सोडले होते आणि या कलमाची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. रॉय प्रकरणात बहुमताने सांगितले की न्यायालय सरकारला तसा आदेश देऊ शकत नाही, न्या. तुळजापूरकर आणि न्या. गुप्ता यांचे मत वेगळे पडले. म्हणून परीक्षेत ‘मुदत दोन महिने’ लिहिणारा विद्यार्थी घटनादुरुस्ती बरोबर वाचतो आणि लागू असलेला कायदा चुकवतो.

त्याच घटनादुरुस्तीने कलम ३५९ मध्ये बदल केला : आणीबाणीतही कलम २० आणि २१ निलंबित करता येणार नाहीत. ही दुरुस्ती लागू झाली आहे. तिच्यात २२ नाही. कारणे सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत हजर करा, या हमीची निलंबनाची वाट कागदावर अजून मोकळी आहे. कलम २१ च्या आजच्या विस्तृत अर्थामुळे न्यायालय ती अडवील अशी अपेक्षा ठेवता येते, पण १९७६ नंतर निव्वळ अपेक्षेवर विसंबणे अवघड आहे.

पहिल्या भागावर मात्र काम चालू आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा आणि बेकायदा कारवाया रोखणारा यूएपीए या कायद्यांखालील अटकांत कारणे लेखी देणे सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या एका अपघात प्रकरणातून आलेल्या निकालाने ते सर्व गुन्ह्यांना लागू केले : कारणे लेखी, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, तेव्हाच देता आली नाहीत तर तोंडी सांगावीत आणि कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यावा. नाहीतर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा. अटकेची कारणे सांगण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ मध्ये आणि २४ तासांची कलम ५८ मध्ये आहे.

अभ्यासवर्गाला हे शिकवताना एमपीडीएखालच्या आदेशावरचा मुंबई उच्च न्यायालयाचा एखादा निकाल घ्यावा. आदेशाची तारीख, कारणे दिल्याची तारीख, मान्यता, निवेदन कधी मिळाले आणि कधी निकाली निघाले, मंडळाचा अहवाल, अशा तारखा विद्यार्थ्यांनी स्वतः एका कागदावर उतरवाव्यात आणि प्रत्येक तारखेसमोर उपकलमाचा क्रमांक लिहावा. मगच १३ डिसेंबर १९४८ चे भाषण वाचायला द्यावे. क्रम उलटा केला तर चर्चा ‘संसद मोठी की न्यायालय मोठे’ या वादात अडकते आणि तारखांचा कागद कोरा राहतो.